कपड्याबुटांसकट

त्या फॉर्ममध्ये वजनाचा रकाना बराच खाली होता. वरचे रकाने आम्ही दोघांनी हौसेने भरले. पासपोर्टवरचं नाव, जन्मतारीख, बुटाचा नंबर, बर्फावर याआधी चालला आहात का, गुडघ्याचं किंवा पाठीचं काही दुखणं, झोपताना किती उशा लागतात. उशांचा प्रश्न ऐकून बाबांना बरं वाटलं. "बघ, माणसं किती बारीक विचार करतात," म्हणाले. मग तो रकाना आला : प्रत्येक प्रवाशाचं वजन, कपड्याबुटांसकट. मी मान वर न करताच विचारलं, "बाबा, वजन?" आणि त्यांनी तितक्याच सहज सांगितलं, "अठ्ठ्याहत्तर."

मी ७८ लिहिलं.

बाबांचं वजन अठ्ठ्याहत्तर होतं हे खरं, पण ते पोटाच्या ऑपरेशनआधी. त्यानंतरच्या दीड वर्षात आईने त्यांच्या पँटींची कंबर दोनदा आत घेतली, सुई तापवून घड्याळाच्या पट्ट्याला नवीन भोक पाडलं. गेल्या तपासणीला मी त्यांच्यासोबत होते. काट्यावर उभे असताना ते समोरच्या भिंतीकडे बघत होते, आकडा मी वाचला. त्रेसष्ट. नर्सने तो त्यांच्यासमोरच कागदावर लिहिला, त्यामुळे त्यांना ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही. मग अठ्ठ्याहत्तर कुठून आलं? सवयीने आलं, की मला ऐकवायला? मी पुढच्या रकान्याकडे वळले, पण हात चालेना. "नेट हळू झालंय, उरलेलं उद्या करू," असं सांगून फॉर्म तसाच अर्धवट ठेवला. नेटला काहीही झालं नव्हतं. त्यांच्या एका खोट्याला मी माझं एक जोडलं आणि दिवा मालवला.

तो रकाना उगाच नसतो. आम्हाला जायचंय अलास्कात, डेनाली या उत्तर अमेरिकेतल्या सगळ्यात उंच डोंगराच्या कुशीतल्या रूथ हिमनदीच्या माथ्याशी. तिथवर रस्ता नाही. टॉकीटना नावाच्या छोट्या गावातून हेलिकॉप्टर उडतं, नाहीतर पायाला स्की लावलेलं छोटं विमान. अशा यंत्रात कोण कुठे बसणार हे वजनावर ठरतं. पुढे भार जास्त झाला की नाक खाली झुकतं, मागे झाला की शेपूट. एकूण भार वाढला की इंधन कमी घ्यावं लागतं, आणि इंधन कमी म्हणजे ढग आडवे आल्यावर लांबच्या वाटेने वळसा घालून यायची मुभा कमी. उंचीवर हवा विरळ असते, ऊन तापलं की आणखी विरळ होते, आणि तेवढ्या प्रमाणात पाती कमी वजन उचलतात. म्हणून सामानाला मर्यादा, म्हणून बॅगसुद्धा मऊ हवी, सांदीकोपऱ्यात कोंबता येईल अशी. उड्डाणाआधी काट्यावर उभं करण्याचीही पद्धत आहेच. म्हणजे बाबांचं खरं वजन तिथे कळण्याची शक्यता दाट, तेही अनोळखी माणसांच्या रांगेत, सगळ्यांदेखत. हे लक्षात आल्यावर माझी झोपच उडाली.

पण खरी बोच वेगळी होती. ज्या माणसाने मला आकड्यांचा प्रामाणिकपणा शिकवला, त्याने मला चुकीचा आकडा दिला होता.

बाबा आरेखक. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी नकाशे काढण्यात घालवली. तिरपं टेबल, त्यावर ताणून बसवलेला ट्रेसिंग पेपर, काळी शाई आणि केसाएवढ्या टोकाची पेनं. घरी आले तरी त्यांच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाला शाईचा डाग असायचा, साबणाने न जाणारा. मी सात-आठ वर्षांची असेन, तेव्हा एकदा मी विचारलं की सपाट कागदावर डोंगर कसा काढतात. त्यांनी मला मूठ वळायला सांगितली. मग निळ्या बॉलपेनने माझ्या मुठीच्या प्रत्येक उंचवट्याभोवती एक गोल काढला, त्याच्याबाहेर दुसरा, त्याच्याबाहेर तिसरा. पेनाचं टोक गुदगुल्या करत होतं, आणि मी हात हलवला की ते म्हणत, "थांब गं, डोंगर हलत नसतात." शेवटी म्हणाले, "आता मूठ उघड." मी बोटं सरळ केली आणि माझे चारही डोंगर सपाट झाले, गोल मात्र तसेच राहिले. रेषा जवळजवळ असतील तिथे चढ उभा, लांबलांब असतील तिथे सोपा. पुढे शाळेत समोच्च रेषा आल्या तेव्हा वर्गात मला एकटीलाच काही नवीन वाटलं नाही. तो हात मी दोन दिवस धुवायला तयार नव्हते.

त्यांच्या खणात एक नकाशा होता, एका ज्येष्ठ सहकाऱ्याने निवृत्त होताना त्यांना दिलेला. डेनालीचा, १९६० सालचा. तेव्हा त्या डोंगराला सरकारदरबारी मॅकिन्ली म्हणत, नकाशावरही तेच नाव आहे. तो ब्रॅडफर्ड वॉशबर्न यांचा. ते बॉस्टनच्या विज्ञान संग्रहालयाचे संचालक आणि स्वतः कसलेले गिर्यारोहक. त्यांच्या पत्नी बार्बरा या १९४७ मध्ये डेनालीच्या शिखरावर पोहोचलेल्या पहिल्या स्त्री. वर्षानुवर्षं विमानातून काढलेली छायाचित्रं आणि पाठीवर उपकरणं वाहून नेऊन घेतलेली मापं यांतून हा नकाशा उभा राहिला, आणि स्वित्झर्लंडच्या आरेखकांच्या हातून तो उतरला. प्रमाण एकास पन्नास हजार. बाबा तो महिन्या-दोन महिन्यांतून एकदा जमिनीवर पसरत, चार कोपऱ्यांवर चार पुस्तकं ठेवत आणि भिंग घेऊन ओणवे होत. कडे कसे छायेने काढलेत, बर्फावरून खडकावर येताना हात कसा बदललाय, हे दाखवत. त्यांचं बोट नेहमी एकाच ठिकाणी थांबायचं. रूथ हिमनदीच्या वरच्या टोकाला बर्फाचा एक प्रचंड वाडगा आहे, चहूबाजूंनी कड्यांनी वेढलेला, आणि तिथून हिमनदी एका अरुंद खिंडीतून खाली उतरते. "इथे एकदा जाऊन बघायला पाहिजे," ते म्हणत, "रेषा खऱ्या आहेत का." ते असं म्हणत तेव्हा त्यात जाण्याचा बेत नसायचा. ती नकाशाची घडी घालण्याआधीची शेवटची ओळ असायची.

२०१५ मध्ये दोन गोष्टी झाल्या. डोंगराला त्याचं जुनं नाव अधिकृतपणे परत मिळालं, तिथल्या मूळच्या कोयुकॉन लोकांचं, डेनाली म्हणजे उंच असलेला. आणि त्याच वर्षी उपग्रहांच्या मदतीने नवीन मोजणी झाली, तिच्यात उंची २०,३२० फुटांवरून २०,३१० फुटांवर आली, म्हणजे ६,१९० मीटर. बाबांनी बातमीचं कात्रण हातात घेऊन तो जुना नकाशा काढला. पन्नासहून अधिक वर्षांचा, घड्यांवर फाटत आलेला, सहकाऱ्याची आठवण असलेला. त्यावर पेन्सिल चालवायला माझा हात धजला नसता. त्यांनी शिखराशेजारचा आकडा एका आडव्या रेघेने खोडला आणि वर बारीक अक्षरात नवा लिहिला, बाजूला साल. "अहो, राहू द्या ना जुना," आई म्हणाली होती. "चुकीचा आकडा कसा राहू देऊ?" त्यांना खरंच कळलं नव्हतं ती असं का म्हणते. नावाचं पुढे पुन्हा उलटं झालं, जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या सरकारने मॅकिन्ली परत आणलं. भोवतालचं राष्ट्रीय उद्यान अजून डेनालीच आहे. आमच्या विम्याच्या कागदांत एक नाव आणि राहण्याच्या कागदांत दुसरं, असं त्यामुळे झालंय. बाबांनी नावाला हात लावला नाही. "नावं माणसं ठरवतात, उंची नाही," एवढंच म्हणाले.

त्या बर्फाच्या वाडग्याला आता डॉन शेल्डन यांचं नाव आहे. टॉकीटनाचे हे वैमानिक हिमनद्यांवर विमान उतरवण्यात वाकबगार होते. वॉशबर्न यांच्या नकाशाच्या कामातही त्यांची विमानं होती. त्यांची एक गोष्ट मला कायम आठवते. सुसिटना नदीच्या एका भयंकर घळीत सैनिकांची तुकडी अडकली होती, बोट फुटलेली, काठावर जेमतेम उभं राहायला जागा. शेल्डन पाण्यावर उतरणारं विमान घेऊन गेले, वरच्या अंगाला उतरले आणि विमान प्रवाहाबरोबर मागे मागे, शेपटीच्या दिशेने वाहू दिलं, इंजिनाने फक्त वेग आवरत. जास्त माणसं घेऊन विमान उचललं नसतं, म्हणून माणसं थोडी थोडी करून आणली, पुन्हा पुन्हा त्याच पाण्यात जाऊन. मी ही गोष्ट पूर्वी वाचली तेव्हा माझं लक्ष त्या उलट्या वाहण्यावर होतं. आता पुन्हा वाचताना वाटलं, प्रत्येक खेपेला त्यांनी काठावरच्या माणसांकडे बघून मनात वजनांचा हिशेब केला असेल. कुणाला आधी न्यायचं, कोण थांबू शकेल.

बर्फावर उतरताना आणखी एक संकट असतं. आभाळ एकसारखं पांढरं झालं की सावल्या नाहीशा होतात. खाली पांढरं, वर पांढरं, आणि बर्फ शंभर फूट खाली आहे की दहा हे डोळ्यांना कळत नाही. तेव्हाचे वैमानिक अशा वेळी वरून स्प्रूस झाडाच्या गडद फांद्या टाकत. काळ्या ठिपक्यांची ती ओळ दिसली की मग उतरता येई. बाबांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी भिंग खाली ठेवलं आणि बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले. नकाशात कडे दाखवायला ते आयुष्यभर छाया भरत आले होते.

शेल्डन यांनी त्या वाडग्याच्या मधोमध, बर्फातून वर आलेल्या एका खडकावर १९६६ मध्ये लाकडाची सहा कोनी झोपडी बांधली. बर्फाच्या समुद्रातून डोकं काढलेल्या अशा खडकाला नुनाटाक म्हणतात, हा शब्द ग्रीनलंडच्या इन्युइट लोकांकडून आला. झोपडी अजून आहे. १९७५ मध्ये शेल्डन गेले. पुढे त्यांच्या कुटुंबाने त्याच खडकावर आरामशीर राहण्याची सोय केली, २०१८ पासून तिथे माणसं उतरतात. मोजक्या खोल्या, मोठ्या काचा, उबदार पलंग, आणि काचेपलीकडे सगळ्या दिशांना बर्फ. आम्ही जातोय ते तिथे. त्या फॉर्ममधल्या उशा तिथल्या.

आरामाबद्दल माझ्या मनात दोन माणसं भांडतात. पंचविशीत मी पाठीवर सोळा-सतरा किलोंची सॅक घेऊन डोंगर चढत होते आणि मनापासून मानत होते की ज्याने वजन वाहिलं नाही त्याला डोंगर दिसतो, पण भेटत नाही. खांद्यावर पट्ट्यांचे वळ उठायचे, ओल्या लोकरीचा आणि रॉकेलचा वास तंबूत कोंडलेला असायचा, आणि सकाळी गोठलेले बूट पायात घालताना डोळ्यांत पाणी यायचं. ते सगळं मला डोंगराची किंमत वाटायची, आणि किंमत चुकवल्याचा एक ताठा होता माझ्यात. आता मी माहितीपत्रकं चाळते. गरम पाणी, गरम फरशी, खिडकीतून दिसणारं शिखर, तुमच्यासाठी बूट सुकवून ठेवणारी माणसं. त्यातलं प्रत्येक वाक्य वाचताना पंचविशीतली ती मुलगी तोंड फिरवते. आणि त्याच वेळी मी बाबांना जिना चढताना बघते. सातव्या पायरीला ते थांबतात, कठड्यावर हात ठेवतात आणि काहीतरी आठवल्यासारखं करतात. त्यांना तंबू झेपणार नाही, थंडी झेपणार नाही, त्यांना रात्री दोनदा उठावं लागतं आणि उठल्यावर पाय गरम जमिनीवर पडले पाहिजेत. हा सगळा ऐषआराम काढून घेतला तर त्या नकाशावरच्या बोटाखाली ते कधीच उभे राहू शकणार नाहीत. एवढं साधं गणित आहे, पण मुलगी अजून पूर्ण गप्प होत नाही.

तिचं काही म्हणणं खरंही आहे. त्या खडकावरची प्रत्येक वस्तू, अगदी चमचासुद्धा, हवेतून जाते. चुलीचं इंधन हवेतून जातं आणि कचरा हवेतून परत येतो. डेनाली चढणाऱ्या गिर्यारोहकांना आपली विष्ठासुद्धा डब्यातून खाली आणावी लागते, २००१ पासून असे डबे दिले जाऊ लागले. कारण हिमनदी काही पचवत नाही. भेगेत टाकलेलं सगळं ती पोटात घेऊन चालत राहते आणि कित्येक वर्षांनी खालच्या अंगाला बाहेर काढते. रूथ दिवसाला साधारण मीटरभर सरकते म्हणतात. आणि ती चालते तशी आटतेही आहे. अलास्काच्या हिमनद्या मागे हटताहेत, आणि तो बर्फ बघायला मी अर्ध्या जगाचा विमानप्रवास आणि वर हेलिकॉप्टर घेणार, या विचाराने मी एकदा सगळं रद्द करायच्या बेतात आले होते. तसं ईमेलही लिहून ठेवलं होतं. पाठवलं नाही. का पाठवलं नाही याचं चांगलं कारण माझ्याकडे नाही. बाबांचं बोट, एवढंच आहे.

आधी आमचा बेत दुसराच होता. उद्यानात ९२ मैलांचा एक रस्ता आहे, त्याच्या शेवटाला कँटिश्ना, तिथे उतरायच्या चांगल्या जागा आहेत. बसमध्ये आरामात बसून अस्वलं, कॅरिबू बघत जाता आलं असतं, आणि बाबांना तेच सोसलं असतं. पण ऑगस्ट २०२१ पासून तो रस्ता साधारण मध्यावर, ४३व्या मैलाच्या पुढे तुटलेला आहे. प्रिटी रॉक्स नावाच्या उतारावर जमिनीतला हजारो वर्षांचा बर्फ वितळतोय आणि अख्खा उतार रस्त्यासकट खाली सरकतोय. पूल बांधायचं काम सुरू झालं. बाबांनी ते वाचून विचारलं, "पूल होईपर्यंत किती वर्षं?" मी म्हटलं, "लागतील थोडी." त्यांनी मान हलवली आणि पुन्हा तो विषय काढला नाही. त्याच आठवड्यात मी हवाई वाट शोधायला लागले.

मग महिना ठरवायचा होता. जूनमध्ये तिथे जवळजवळ वीस तास उजेड असतो आणि उरलेल्या वेळेतही पुरता काळोख होत नाही, शिखरावरचा गुलाबी रंग उतरतो न उतरतो तोच पुन्हा चढतो. बर्फ घट्ट असतो, भेगांवरचे बर्फाचे पूल त्यातल्या त्यात भरवशाचे. ऑगस्टअखेर गेलं तर रात्र परत आलेली असते आणि नशीब असेल तर आकाशात ध्रुवीय प्रकाशाचे हिरवे झोत दिसतात, पण हिमनदीची कातडी तोवर उघडी पडलेली, भेगा तोंड वासून. मला ते हिरवं आकाश फार बघायचं होतं. बाबांनी जून निवडला. "उजेड हवा, नाहीतर रेषा कशा दिसणार?" मी वाद घातला नाही.

या सगळ्यात हवामानाचा कुणीच शब्द देत नाही. अलास्काच्या आखातावरून ओली हवा येते, या डोंगराला धडकते आणि तिथेच ढग धरून बसते. पायथ्याच्या सपाटीपासून डोंगर साडेपाच हजार मीटर वर जातो, एवरेस्टही त्याच्या पायथ्याच्या पठारापासून इतकं उठत नाही, आणि एवढी भिंत मध्ये आल्यावर हवेने दुसरं काय करावं. उद्यानात जाणाऱ्यांपैकी तिसरा हिस्साच लोकांना डोंगर दिसतो. टॉकीटनात माणसं उड्डाणासाठी दिवसच्या दिवस थांबतात, आणि वर पोहोचलेली माणसं खाली येण्यासाठी. म्हणून मी आधी तीन आणि नंतर दोन दिवस रिकामे ठेवलेत. दादाला हे पटत नाही. "एवढं करून जायचं आणि पांढऱ्या धुक्यात बसून परत यायचं? आणि बाबांना वर काही झालं तर?" त्याच्या दुसऱ्या प्रश्नाने माझ्या पोटात गोळा येतो. डॉक्टरांनी जायला हरकत नाही म्हटलंय, सोबत न्यायच्या औषधांची यादी दिलीय, विम्यात हवाई सुटकेची तरतूद घेतलीय. पण ढग बसले तर कुठल्याच विम्याचं हेलिकॉप्टर उडत नाही, हे मला कळतं. बाबांनाही कळतं. मी एकदा स्पष्टच विचारलं, "बाबा, वर अडकलो तर?" ते म्हणाले, "तर मग वरच असू की." त्यांच्या आवाजात धाडस वगैरे काही नव्हतं. एखाद्या पत्त्याची खात्री करून घ्यावी तसं म्हणाले.

त्या रात्री, फॉर्म अर्धवट ठेवल्यावर, मला फ्रेडरिक कुक हे जुने अमेरिकी शोधप्रवासी आठवले. रूथ हे नाव त्यांनी दिलेलं, आपल्या सावत्र मुलीचं. १९०३ मध्ये त्यांनी या डोंगराला पूर्ण फेरी घातली होती, तेव्हाच्या साधनांत हे लहान काम नव्हे. आणि मग १९०६ मध्ये शिखर गाठल्याचं जाहीर केलं. पुराव्याला छायाचित्र दिलं, खडकाच्या टोकावर झेंडा घेऊन उभा असलेला साथीदार. चार वर्षांनी दुसऱ्या तुकडीने तो खडक शोधून काढला आणि तसंच छायाचित्र घेतलं. शिखरापासून जवळजवळ तीस किलोमीटर दूर, रूथच्या काठचं एक बुटकं टोक होतं ते, त्याची उंची शिखराच्या एक तृतीयांशही नाही. खरं शिखर १९१३च्या ७ जूनला गाठलं गेलं. सगळ्यात आधी वर पाय ठेवला तो वॉल्टर हार्पर या वीस वर्षांच्या तरुणाने, ज्याची आई कोयुकॉन होती. कुक यांच्या त्या फोटोचा छडा लावण्यात वॉशबर्न यांनीही पुढे कित्येक वर्षं घालवली. ही गोष्ट मला बाबांनीच सांगितलेली, मी कॉलेजात असताना, आणि सांगताना ते चिडले होते. "आकडा खोटा लिहायचा नसतो. नकाशावरच्या खोट्या आकड्यावर विश्वास ठेवून कुणीतरी चालत जातं."

अंधारात पडल्या पडल्या मी पहिल्यांदाच कुक यांच्या बाजूने विचार केला. मुलीचं नाव हिमनदीला देणारा माणूस. अंगात होतं तेवढं बळ खर्चून तो तिथवर गेला असेल, समोर अजून चार हजारांहून अधिक मीटर उरलेले असतील, आणि घरी सगळे विचारणार, पोहोचलास का. मी त्यांना माफ वगैरे केलं नाही, तो माझा अधिकारही नाही. पण बाबांनी अठ्ठ्याहत्तर म्हणताना माझ्याकडे बघितलं नव्हतं, हे मला तेव्हा आठवलं. काट्यावर असताना भिंतीकडे बघत होते तसेच.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी लॅपटॉप उघडून बसले. काय बोलायचं ते दिवसभर जुळवत होते. काट्याचं नाव न काढता, त्या माणसांना हिशेबाला लागतं म्हणून, अशी काहीतरी सुरुवात. तेवढ्यात आतल्या खोलीतून जड पावलं ऐकू आली. बाबा दारात उभे राहिले. अंगात नवं पिसांचं जाकीट, अजून लेबल न काढलेलं, त्याखाली दोन लोकरी थर, जाड विजार, पायात ते नवे उंच बूट, नाड्या वरपर्यंत बांधलेल्या. कपाळावर घाम आला होता. एका हाताने त्यांनी न्हाणीघरातला वजनकाटा पोटाशी धरला होता. त्यांच्यामागे आई उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की नाड्या तिने बांधल्यात.

त्यांनी काटा माझ्यासमोर ठेवला, माझ्या खांद्याचा आधार घेतला आणि त्यावर चढले. मग खांद्यावरचा हात काढून घेतला. या वेळी भिंतीकडे न बघता खाली बघायचा प्रयत्न केला, पण फुगलेल्या जाकिटामुळे आकडा दिसेना.

"वाच."

"अडुसष्ट पॉइंट चार."

"कपड्याबुटांसकट?"

"हो. सगळ्यासकट."

"मग कालचा खोड. तो जुन्या मोजणीचा होता." थोडं थांबून म्हणाले, "लिहिताना साल पण लिहीत जा."

मी ७८ खोडून ६८.४ लिहिलं. सालासाठी रकाना नव्हता, म्हणून ते लिहिता आलं नाही, आणि काही क्षण मला पडद्यावरचं नीट दिसतही नव्हतं. आई वाकून त्यांच्या नाड्या सोडवायला लागली. त्यांनी तिला थांबवलं, खुर्चीत बसले आणि विचारलं, "हलक्या माणसाला पुढे बसवतात का गं? वैमानिकाशेजारी? तिथून खिंड सरळ दिसेल." मी म्हटलं, ते तिथल्या हिशेबावर आहे, पण विचारते. फॉर्मच्या शेवटी मोकळी जागा होती, तिथे मी लिहिलं की माझे वडील आयुष्यभर नकाशे काढत आले आहेत आणि शक्य असेल तर त्यांना पुढची जागा मिळावी. मग फॉर्म पाठवला.

त्या विनंतीचं उत्तर अजून आलेलं नाही. बूट मऊ व्हायला हवेत म्हणून बाबा रोज संध्याकाळी अर्धा तास ते घालून घरात चालतात, दारापासून खिडकीपर्यंत आणि परत. मी आत काम करत असले तरी मोजते. काल मधे न थांबता बावीस फेऱ्या झाल्या.